भांडता भांडता जुळलेली मने : हॉलिवूडचे जुने स्क्रूबॉल प्रेमपट आजही का आवडतात?

सायंखेळ :

गेले दोन महिने दर शनिवारी रात्री एक, अशा रीतीने १९३४ ते १९४२ या काळातले हॉलिवूडचे स्क्रूबॉल प्रेमपट मी पुन्हा पाहिले. पाहताना एक प्रश्न सतत मनात येत राहिला, म्हणून हा धागा काढत आहे. या चित्रपटांतले नायक-नायिका दीड तास एकमेकांना टोमणे मारतात, खोटे बोलतात, एकमेकांचे बेत उधळून लावतात आणि चारचौघांत एकमेकांची फजिती करतात. तरीही चित्रपट संपताना या दोघांनी एकमेकांपासून दूर राहावे असे आपल्याला जराही वाटत नाही. हे कसे घडते?

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी नावाविषयी थोडेसे. स्क्रूबॉल हा मुळात बेसबॉलमधला शब्द आहे. नेहमीचा वळणारा चेंडू ज्या बाजूला वळतो त्याच्या उलट बाजूला वळणारा हा चेंडू, म्हणजे साधारण आपल्या गुगलीचा भाऊबंद. कार्ल हबेल हा गोलंदाज त्यासाठी प्रसिद्ध होता आणि जुलै १९३४ मधल्या ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथसह पाच नामवंत फलंदाजांना लागोपाठ बाद केले होते. विक्षिप्त माणसालाही हाच शब्द लावला जाऊ लागला आणि पुढे तो या चित्रपटांना चिकटला. वळेल असे वाटते तिकडे न वळणारे प्रेम, हा अर्थ मला फार समर्पक वाटतो.

माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटांत बोलणे हीच प्रेमाची कृती आहे. इतर प्रेमपटांत माणसे आधी प्रेमात पडतात आणि मग त्याविषयी बोलतात. इथे ती बोलता बोलताच प्रेमात पडतात, आणि बहुतेक वेळा ते बोलणे भांडणाचेच असते.

फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) मधली एक सकाळ घ्या. वडिलांच्या घरातून पळालेली श्रीमंत मुलगी एली (क्लॉडेट कोल्बेर) आणि नोकरी गमावलेला वार्ताहर पीटर (क्लार्क गेबल) यांनी पावसामुळे रात्र रस्त्याकडेच्या एका खोलीत काढली आहे. दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून त्याने घोंगडी टाकली आहे आणि तिला बायबलमधल्या, तुताऱ्यांच्या नादाने कोसळलेल्या तटावरून ‘जेरिकोची भिंत’ असे नाव दिले आहे. न्याहारी चालू असताना वडिलांनी पाठवलेले गुप्तहेर दाराशी येतात. पीटर चटकन तिचे केस विस्कटून चेहऱ्यावर आणतो आणि दोघे क्षणात एका कनिष्ठ मध्यमवर्गीय नवरा-बायकोचे सोंग घेतात. कुठल्याशा नाचाच्या वेळी ती कोणाबरोबर नाचली यावरून तो तिच्यावर ओरडतो, नळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी ती तशीच राहणार असे तिला हिणवतो, आणि ती मोठ्याने गळा काढते. गुप्तहेर खजील होऊन निघून जातात. हे तर चांगले नवरा-बायको आहेत, मी सांगितलेच होते, असे खोल्यांचा मालक त्यांना ऐकवतो. दार लागल्यावर दोघे खळखळून हसतात आणि तो खाली वाकून तिच्या पोलक्याची बटणे लावून देतो.

त्या बटणांपर्यंत आल्यावर मी प्रत्येक वेळी चित्रपट थांबवतो. एकमेकांना धड ओळखतही नसलेल्या दोन माणसांनी पूर्वतयारीशिवाय एक अख्खा प्रवेश उभा केला. एकाने उचललेला सूर दुसऱ्याने अचूक पकडला. त्या भांडणाच्या सोंगात ते पहिल्यांदा एका बाजूला आले. पुढे प्रेमाची कबुली येते ती केवळ औपचारिकता आहे. जे व्हायचे ते त्या सकाळीच होऊन गेलेले असते.

अनुनाद :

सायंखेळ, धागा उत्तम काढलात. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात अठरा वर्षे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष आधी कानाकडे जाते. हे चित्रपट १९३४ च्या सुमारासच का बहरले, याचे एक उत्तर आवाजात आहे. १९२७ मध्ये बोलपट आला तेव्हा ध्वनिग्रहण इतके अवघड होते की नटांना एका जागी उभे राहून, एकामागून एक, स्पष्ट बोलावे लागे. पुढच्या सहा-सात वर्षांत ते तंत्र सुधारले, आणि तोपर्यंत नाटककार व वृत्तपत्रांत लिहिणारी मंडळी मोठ्या संख्येने हॉलिवूडमध्ये पोहोचली होती. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर ही जोडी, रॉबर्ट रिस्किन, प्रेस्टन स्टर्जेस ही सगळी बोलण्यावर पोसलेली माणसे. त्यांच्या शब्दांना धावायला आता मोकळे मैदान मिळाले.

हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) याचा कळस आहे. त्यात एकाचे वाक्य संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते. हे नुसत्या घाईने साधत नाही. हॉक्सने वाक्यांच्या आरंभी आणि शेवटी असे शब्द घालून घेतले होते, की ते दुसऱ्याच्या आवाजाखाली दबले तरी अर्थाला धक्का लागू नये. मधला गाभा मात्र मोकळा राही. मुलाखतींचे संकलन करताना दोन माणसे एकाच वेळी बोलली की मला घाम फुटतो, त्यामुळे या लेखनामागचा विचार पाहून मी थक्क होतो.

दुसरी गोष्ट अशी. हा चित्रपट हेक्ट आणि मॅकार्थर यांच्या १९२८ च्या ‘द फ्रंट पेज’ या नाटकावर आधारलेला आहे आणि त्या नाटकात हिल्डी जॉन्सन हा पुरुष आहे. हॉक्सने त्या वार्ताहराची स्त्री केली आणि तिला संपादक वॉल्टर बर्न्सची घटस्फोटित पत्नी केले. मूळ संवादांतला बराचसा भाग तसाच राहिला. फक्त आता धंद्याच्या बोलण्यात प्रेमाचे बोलणे मिसळले. रोझालिंड रसेलची हिल्डी दुसऱ्याच दिवशी विमा विकणाऱ्या ब्रूसशी लग्न करणार असल्याचे सांगायला कार्यालयात येते, भडकून वॉल्टरच्या (कॅरी ग्रँट) दिशेने पर्स भिरकावते, तो खाली वाकून ती चुकवतो आणि पूर्वी तुझा नेम चांगला होता अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो. त्या एका वाक्यात त्यांचे सगळे जुने लग्न आहे.

निर्झरा :

दोघांचेही विवेचन आवडले, पण माझे मत थोडे वेगळे आहे. या चित्रपटांवर माझेही प्रेम आहे, म्हणूनच त्यांतले खटकणारे भाग बाजूला ठेवू नयेत असे वाटते.

‘हिज गर्ल फ्रायडे’ मध्ये वॉल्टर त्या बिचाऱ्या ब्रूसला एका दिवसात तीन वेळा पोलिसांच्या ताब्यात जायला लावतो, तेही खोट्या आरोपांवर आणि खोट्या नोटा देऊन. ब्रूसचा दोष एवढाच की तो सरळ आहे आणि छत्री बरोबर ठेवतो. ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) मध्येही हाच नट, राल्फ बेलामी, असाच सज्जन आणि हास्यास्पद दुसरा पुरुष रंगवतो. हजरजबाबी नसलेल्या माणसाला प्रेमाचा अधिकार नाही, असे हे चित्रपट सांगतात का? मी स्वतः हळू बोलणाऱ्या घरात वाढले आहे. माझे वडील विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी देत, आणि ते उत्तर नेहमी विचारपूर्वक दिलेले असे. त्यामुळे ब्रूसवर हसताना मला अपराधी वाटते.

त्याहून गंभीर गोष्ट ‘हिज गर्ल फ्रायडे’ मधल्याच मॉली मलॉयची. फाशीच्या कैद्याशी माणुसकीने वागलेली ही स्त्री वार्ताहरांच्या छळाला कंटाळून, आणि त्यांचे लक्ष कैद्यावरून उडावे म्हणून, खिडकीतून उडी घेते. चित्रपट काही क्षण थबकतो आणि पुन्हा धावू लागतो. ती धाव मला पचवता आलेली नाही.

त्या काळातल्या आर्थिक मंदीविषयीही असेच म्हणावेसे वाटते. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता, आणि पडद्यावर मात्र रेशमी गाउन, शँपेन आणि जहाजावरचे प्रवास.

सायंखेळ :

निर्झराताई, ब्रूसविषयी तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे आणि तुमच्या वडिलांचे उदाहरण वाचून तर अधिकच. हे चित्रपट हजरजबाबीपणाला झुकते माप देतात. मॉलीविषयी मात्र एक गोष्ट जोडतो. उडीच्या आधी एकदा वार्ताहर तिचा अपमान करतात आणि ती रडत बाहेर जाते. खोलीत शांतता पसरते. हिल्डी त्या पुरुषांकडे पाहून वृत्तपत्रातील सद्गृहस्थहो, एवढेच म्हणते. कोणीही कोणाच्या बोलण्यावर बोलत नाही, अशी ही चित्रपटातली एक दुर्मीळ जागा आहे. हॉक्सला ती वेदना दिसत होती, असे मला त्या शांततेवरून वाटते.

मंदी मात्र पडद्यावर नाही असे नाही. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ मध्ये बसमधले उतारू एकत्र गाणी म्हणत असतात, चालकही त्यात रमतो आणि बस रस्त्याबाहेर जाते. तेवढ्यात एक लहान मुलगा रडू लागतो, कारण त्याची आई भुकेने बेशुद्ध पडली आहे. पीटरजवळ उरलेले पैसे त्या मुलाच्या हातात जातात आणि इथून पुढे नायक-नायिकाही उपाशी आहेत. ग्रेगरी ला काव्हाच्या ‘माय मॅन गॉडफ्री’ (१९३६) ची सुरुवातच न्यूयॉर्कच्या नदीकाठच्या उकिरड्यावर राहणाऱ्या बेकारांपासून होते. श्रीमंतांच्या खेळात नको असलेल्या वस्तू गोळा करायच्या असतात आणि त्या यादीत एक ‘विसरला गेलेला माणूस’ असतो. कॅरोल लोम्बार्ड त्याला घेऊन जाते, तेव्हा हॉटेलच्या झगमगीत दालनात उभा असलेला, त्या माणसाच्या भूमिकेतला विल्यम पॉवेल सगळ्यांना सुनावतो, तो प्रवेश आजही अंगावर येतो. शेवटचा तोडगा, म्हणजे उकिरड्याच्या जागी उभा राहिलेला नाइट क्लब, मलाही फार सोपा वाटतो. पण प्रश्न लपवलेला नाही.

शब्दवेडी :

मुळात हा सगळा शाब्दिक खेळ सेन्सॉरची देणगी नाही का? प्रॉडक्शन कोडमुळे, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे याच्या हॉलिवूडच्या नियमावलीमुळे, शरीर दाखवता येईना, तेव्हा लेखकांनी सगळी ओढ शब्दांत ओतली, असे मी नेहमी ऐकत आले आहे. जेरिकोची भिंत हे त्याचेच प्रतीक मानतात.

अनुनाद :

शब्दवेडी, यात तथ्य आहे, पण तारखा थोड्या आडव्या येतात. कोड लिहिला गेला १९३० मध्ये. त्याची कडक अंमलबजावणी कोडच्या कार्यालयाचा प्रमुख जोसेफ ब्रीन याच्या हाताखाली सुरू झाली ती १९३४ च्या जुलैपासून. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ त्याच वर्षी फेब्रुवारीत पडद्यावर आला होता. म्हणजे ती घोंगडी कोणी सक्ती करण्यापूर्वीच टांगली गेली होती. दोन माणसांच्या मध्ये एक पातळ पडदा असला की त्यांचे बोलणे कसे बदलते, हे काप्रा आणि रिस्किन यांना स्वतःहून उमगले होते. पुढे सेन्सॉर आल्यावर तीच युक्ती सगळ्यांच्या उपयोगी पडली.

सायंखेळ :

अगदी बरोबर. त्याला जोडून आणखी एक. कोडच्या काळात विवाहबाह्य संबंध सहानुभूतीने दाखवणे जवळजवळ अशक्य होते. पण एखाद्या जोडप्याचा आधी घटस्फोट घडवून आणला, की दोघांनाही इतरांबरोबर फिरवता येते आणि शेवटी पुन्हा एकत्र आणता येते. हार्वर्डमधले तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात अशा सात चित्रपटांना पुनर्विवाहाच्या विनोदिका म्हटले आहे आणि त्यांचे नाते थेट शेक्सपिअरच्या सुखात्मिकांशी जोडले आहे. त्यांचे सांगणे मला पटते: प्रश्न लग्न होईल का हा नाही, झालेले लग्न पुन्हा मनापासून करता येईल का हा आहे.

‘द ऑफुल ट्रुथ’ मधले जोडपे संशयापायी घटस्फोट घेते आणि तो पक्का व्हायला नव्वद दिवस असतात. लूसी (आयरीन डन) आपल्या गायनशिक्षकाबरोबर एकांतात असणार या समजुतीने जेरी (कॅरी ग्रँट) नोकराला न जुमानता खोलीत घुसतो, तर तिथे भरगच्च श्रोत्यांसमोर ती गात असते. शरमिंदा होऊन तो मागच्या खुर्चीवर बसतो, खुर्ची मागे झुकवतो आणि शेजारच्या टेबलासकट धाडकन कोसळतो. लूसी गाणे थांबवत नाही. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटते, आणि शेवटच्या ओळीतल्या सुरांवरच, ताल न सोडता, ती हसते. तिला संताप यायला हवा होता. त्याऐवजी त्या सुरावर चढलेल्या हसण्यातून तिला स्वतःलाच कळते की हा माणूस आपल्याला अजून हवा आहे. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी सेटवर ऐनवेळी प्रसंग रचत असे आणि या पद्धतीने बिथरलेल्या ग्रँटने चित्रपटातून मोकळे करण्याची विनंती केली होती. मॅकॅरीला या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळाले.

उत्तररात्र :

बोलण्याची एवढी चर्चा झाली म्हणून चालण्याविषयी लिहितो. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) मध्ये कॅथरीन हेपबर्नच्या झग्याचा मागचा भाग फाटतो. तिच्या ते लक्षात येत नाही. ग्रँट तिला सांगू पाहतो, ती ऐकून घेत नाही, आणि शेवटी तिची लाज राखण्यासाठी तो तिच्या पाठीला चिकटून उभा राहतो. दोघे एकामागे एक, अगदी पावलाला पाऊल जुळवत सगळ्यांसमोरून बाहेर पडतात. जो गृहस्थ डायनोसॉरचा सांगाडा जुळवण्यापलीकडे काही जाणत नव्हता तो त्या बाईच्या तालावर चालू लागतो. हा चित्रपट त्या वेळी पडला होता, हे मला अजूनही खरे वाटत नाही.

निर्झरा :

उत्तररात्र, तो प्रवेश माझाही आवडता आहे. सायंखेळ, तुमचे उत्तर वाचून मी ‘हिज गर्ल फ्रायडे’ तला तो शांततेचा भाग पुन्हा पाहिला. तुम्ही म्हणता ती जागा खरोखर आहे. उडीनंतरच्या घाईविषयी माझे मत मात्र कायम आहे.

पण मला सर्वांत समाधान देणारा चित्रपट प्रेस्टन स्टर्जेसचा ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) आहे, कारण तिथे डोळा आणि आवाज दोन्ही स्त्रीचे आहेत. जहाजावरच्या भोजनगृहात दारू कारखानदाराचा लाजाळू मुलगा (हेन्री फोंडा) सापांवरचे पुस्तक वाचत बसला आहे. पत्त्यांत लोकांना लुबाडणारी जीन (बार्बरा स्टॅनविक) त्याच्याकडे पाठ करून बसली आहे आणि हातातल्या छोट्या आरशात सगळे पाहते आहे. त्याचे लक्ष वेधू पाहणारी एकेक मुलगी काय करते, मनात काय म्हणते, तो काय उत्तर देईल, हे सगळे ती स्वतःच बोलत राहते. जणू त्या आरशाची चौकट हाच पडदा आणि ती त्याची दिग्दर्शक. मग तो उठून जवळून जाऊ लागतो तेव्हा ती शांतपणे पाय पुढे करते. तो सपशेल आडवा. आणि माझ्या चपलेची टाच तुम्हीच मोडलीत, असे म्हणून ती त्यालाच आपल्या खोलीत नवे जोडे निवडायला घेऊन जाते. या मुलाला शब्द सुचत नाहीत, तो ब्रूससारखाच सरळ आहे, तरी इथे तो नायक आहे. त्यामुळे माझ्या आधीच्या तक्रारीला स्टर्जेसनेच उत्तर दिले आहे, असे आता लिहिताना जाणवते.

रंकाळाकाठ :

या चर्चेत आपल्याकडचा एक दुवा आणावासा वाटतो. ज्या १९३८ साली ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला त्याच साली मास्टर विनायकांनी ‘ब्रह्मचारी’ काढला. कथा-संवाद आचार्य अत्र्यांचे. ब्रह्मचर्याच्या व्याख्यानाने भारावलेला औदुंबर नट्यांची चित्रे टाकून देतो, आणि मीनाक्षींची किशोरी त्याचे व्रत मोडण्याचा चंग बांधते. पोहण्याच्या पोशाखातले ‘यमुनाजळी खेळू खेळ’ हे गाणे सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या मते खरी गंमत अत्र्यांच्या संवादांत आहे. कोल्हापूर आणि हॉलिवूड यांनी एकमेकांचे पाहिले असे मी म्हणत नाही. तरीही पुस्तकी निश्चय केलेला पुरुष आणि त्याला खेळायला ओढून नेणारी स्त्री, ही जोडी दोन खंडांत एकाच वर्षी पडद्यावर यावी, याचा मला फार आनंद वाटतो.

थेट नाते मात्र ‘इट हॅपन्ड वन नाइट’ चे. १९५६ चा ‘चोरी चोरी’ आणि १९९१ चा ‘दिल है के मानता नहीं’ हे दोन्ही त्याच कथेवर उभे आहेत. ‘चोरी चोरी’ पाहताना लक्षात येते की घोंगडीचे काम तिथे गाण्यांनी केले. ‘आजा सनम मधुर चाँदनी में हम’ सुरू होते तेव्हा जे भांडणातून हळूहळू उलगडायचे ते सुरांत एकदम उघडे होते. ते गाणे मला प्राणप्रिय आहे. तरी भांडणाची लज्जत त्यात थोडी कमी होते, हे कबूल करायला हवे.

चाफेकळी :

मी हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. एक व्यावहारिक अडचण विचारते. माझी आई शहात्तर वर्षांची आहे, जुने चित्रपट तिला मनापासून आवडतात, पण इंग्रजी फारसे येत नाही आणि सबटायटल्स या वेगाने वाचणे तिला शक्य नाही. तिच्यासाठी कुठून सुरुवात करावी?

सायंखेळ :

‘हिज गर्ल फ्रायडे’ सध्या बाजूला ठेवा. तो मलाही दुसऱ्यांदा पाहिल्यावरच पुरता कळला. ‘द ऑफुल ट्रुथ’ लावा. आधी चार वाक्यांत गोष्ट सांगा: नवरा-बायको, संशय, नव्वद दिवस, आणि कुत्रा कोणाकडे राहणार यावरचा वाद. बाकीचे चेहऱ्यांवर आणि वस्तूंवर कळते. गाण्याच्या बैठकीचा प्रवेश आला की मध्ये काही समजावू नका.

चाफेकळी :

रविवारी दुपारी पाहिला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गोष्ट आधी सांगितली. आईने पहिली दहा मिनिटे सबटायटल्स वाचण्याचा प्रयत्न केला आणि मग चष्मा काढून ठेवला. लूसी गायनशिक्षकाची टोपी लपवते आणि कुत्रा ती पुन्हा पुन्हा शोधून जेरीच्या पायाशी आणून ठेवतो, तो भाग तिने तीन वेळा मागे घ्यायला लावला. ती मोठी टोपी जेरीच्या कानांपर्यंत उतरल्यावर तिने माझा हात धरला. शेवटी मधले दार वाऱ्याने उघडते आणि घड्याळातला पुतळा बाहुलीच्या दाराने आत जातो, तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र तिने विचारले, तो घोंगडीवाला चित्रपट पुढच्या रविवारी लावशील का?